हॉरर फिल्मस्टारच्या कबरीपाशी गॉथिक बॉडी ज्वेलरीचं मॉडेलिंग करावं का? लॉस एंजेलिसला जाणार आहे.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका छोट्या ब्रँडसाठी तुम्ही गॉथिक, म्हणजे काळ्या, भयपटी धाटणीच्या दागिन्यांचं मॉडेलिंग करता, लॉस एंजेलिसला येताय, आणि 'ड्रॅक्युला'वाल्या बेला लुगोसीच्या कबरीवर ते दागिने घालून फोटो काढायचा विचार आहे. कुणी हाकलेल का, आणि ते वाईट दिसेल का?

दागिने घालून खुशाल जा. स्वतःसाठी एखादा फोटोही काढा. ब्रँडचं शूट मात्र लुगोसीच्या कबरीवर नको. हे मी नुसत्या नियमांपोटी म्हणत नाही.

मी इथे राहते आणि हौसेपोटी, अधूनमधून पैशांसाठीही, बॉडी ज्वेलरीचं मॉडेलिंग करते. कान वरपर्यंत टोचलेले आहेत, खालचा ओठ आहे, सेप्टम म्हणजे नाकाचा मधला पडदा आहे. (सेप्टम पाहून पुण्याच्या मावशीनं विचारलं होतं, "वेसण कुणाच्या हातात देणार आहेस?") त्यामुळे काळे कपडे, काळे दागिने आणि दफनभूमी यांची ओढ मला समजते. तुम्हाला शहाणपण शिकवायला मी बसलेले नाही.

आधी जागा कशी आहे ते सांगते. लुगोसी कल्व्हर सिटीतल्या होली क्रॉस दफनभूमीत आहे. स्लॉसन अव्हेन्यूवर, टेकडीच्या उतारावर. ती लॉस एंजेलिसच्या कॅथलिक आर्चडायोसिसची आहे, म्हणजे खासगी आणि धार्मिक जागा. आत 'ग्रोटो' म्हणतात तो भाग आहे, मरियामातेच्या पुतळ्याची दगडी गुहा, आणि लुगोसी तिथेच. गायक-नट बिंग क्रॉस्बी त्याच्या अगदी शेजारी, नटी रिटा हेवर्थही त्याच परिसरात. तुमच्या डोळ्यांसमोर वेलींनी वेढलेला उभा दगड, मोडका क्रॉस आणि धुकं असेल तर ते सगळं पुसून टाका. इथली शिळा जमिनीच्या पातळीत, गवतात बसवलेली आहे. नाव, 1882 आणि 1956 ही सालं, आणि 'प्रिय वडील' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. बस. नीट कापलेली हिरवळ आणि वर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन.

या सपाट शिळेमुळेच शूटचा घोटाळा होतो. शिळा आणि गळ्यातला दागिना एका चौकटीत आणायचे तर मॉडेलला गुडघ्यांवर बसावं लागतं, नाहीतर सरळ कबरीवर आडवं व्हावं लागतं. फोटोग्राफर मागे सरकतो तो शेजारच्या कबरीवर. आणि ही चालू दफनभूमी आहे. चार ओळी पलीकडे कुणीतरी परवाच आईला पुरलेलं असतं. माझी वसईची एक कॅथलिक मैत्रीण माझ्यासोबत आली होती. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांच्याकडे सगळं घर कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातं; नटूनथटून जातात, गप्पा मारतात, मुलं पळत असतात. तिला माझ्या ओठातल्या कडीचं काहीच वाटलं नाही. पण मी वाट चुकवून दोन शिळांवरून चालत निघाले तेव्हा तिनं दंडाला धरून मागे ओढलं. अनादर कशात आहे हे मला त्या ओढण्यातून जास्त कळलं. दागिन्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आता लुगोसीबद्दल. त्याची गोष्ट माहीत असेल तर तुम्हीच शूटचा विचार सोडाल असं मला वाटतं.

हा माणूस हंगेरियन राज्यातल्या लुगोश गावचा, आता ते रोमानियात आहे. 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्यानं ड्रॅक्युला रंगवला आणि 1931 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओसाठी पडद्यावर. ज्या भूमिकेनं स्टुडिओला इतकं मिळवून दिलं, तिचे त्याला आठवड्याला 500 डॉलर, सात आठवड्यांचे मिळून 3,500 मिळाले. पुढे तो त्या एका भूमिकेत अडकला. दुखण्यासाठी घेतलेल्या औषधांचं व्यसन लागलं, 1955 मध्ये तो स्वतःहून सरकारी इस्पितळात दाखल झाला, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरलं, हे तुम्हाला माहीतच असणार. ती त्याची शेवटची इच्छा होती असं सर्रास सांगतात, पण तसं नाही. त्याला ते आवडलं असतं असं वाटून मुलानं आणि मुलाच्या आईनं तो निर्णय घेतला.

पुढचं अधिक बोचणारं आहे. 1960 नंतर युनिव्हर्सलनं लुगोसीचा ड्रॅक्युलाचा चेहरा वस्तूंवर छापायची परवानगी विकायला सुरुवात केली. कशावर? पेन्सिलची टोकयंत्रं, साबण, मुखवटे, पतंग, टी-शर्ट, पट्ट्यांची बकलं, पेय ढवळायच्या काड्या. यातलं घरच्यांना काही मिळत नव्हतं. 1966 मध्ये मुलगा आणि विधवा पत्नी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले. 1979 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला: स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा व्यापार करायचा हक्क ज्याचा त्याचा, तो जिवंतपणी वापरला नाही तर वारसांकडे जात नाही. त्यावर इतकी चर्चा झाली की राज्यानं कायदाच केला आणि 1985 पासून तो हक्क वारसांना मिळाला. आधी मृत्यूनंतर 50 वर्षं, नंतर वाढवून 70. लुगोसी गेला 1956 मध्ये, म्हणजे त्याच्या बाबतीत ही मुदत 2026 पर्यंत जाते.

तर ज्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसऱ्यांनी बकलं विकली आणि ज्याच्या घरच्यांनी त्यासाठी तेरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच्या शिळेवर कानातलं ठेवून आपण ते विकायचं? मला नाही जमलं. एका ब्रँडनं मला नेमकं हेच सुचवलं होतं, कॅप्शनमध्ये त्याचं नाव घालून. मी नाही म्हटलं, त्यांना दुसरी मुलगी मिळाली, विषय संपला. मी वकील नाही, पण जाहिरातीत त्याचं नाव वापरणं म्हणजे वारसांच्या परवानगीचा प्रश्न ओढवून घेणं, एवढं तुमच्या ब्रँडला नक्की सांगा.

दुसरी कबर शोधावी म्हणाल तर हॉरर नटांच्या कबरी सापडतच नाहीत फारशा. बोरिस कार्लोफचं इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला दहन झालं. (त्याचे वडील ब्रिटिश काळात भारतात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते आणि घराण्यात भारतीय रक्त होतं. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं आपल्याशी असलेलं हे नातं कुणी सांगत नाही.) व्हिन्सेंट प्राइसची रक्षा मालिबूजवळ समुद्रात सोडली. लॉन चेनी ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत आहे, पण त्याच्या कोनाड्यावर नावच नाही.

तुमच्यासाठी खरी जागा मला वाटतं हॉलिवूड फॉरेव्हर ही दफनभूमी. सँटा मोनिका बुलेव्हार्डवर, 1899 पासूनची. इथे माइला नुर्मी आहे, म्हणजे व्हॅम्पायरा. 1954 मध्ये लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर रात्री जुने भयपट दाखवायला ती यायची: काळा तंग पोशाख, आवळलेली कंबर, लांबलचक नखं, सुरुवातीलाच एक किंकाळी. आज आपण ज्याला गॉथ सौंदर्य म्हणतो त्यातलं बरंच तिच्याकडून आलेलं आहे. 'प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये ती आणि लुगोसी दोघं आहेत, पण त्यात ते एकत्र उभे राहिलेले नाहीत. लुगोसीचं थोडंसं चित्रण त्याच्या मृत्यूआधीचं, आणि उरलेलं काम दुसऱ्याच माणसानं तोंडापुढे झगा धरून उरकलेलं. नुर्मीला त्या मुक्या भूमिकेचे 200 डॉलर मिळाले. पुढे तिनं मेलरोज अव्हेन्यूवर जुन्या वस्तूंचं दुकान काढलं आणि स्वतःच्या हातानं केलेले कपडे अन् दागिने विकले. दागिने विकून पोट भरणारी भयपटाची नायिका! तिच्या शिळेवर तिची व्हॅम्पायराच्या वेषातली आकृतीही आहे. दागिने घालून तिला भेटायला जाणं मला तरी शोभतं असं वाटतं. 2008 मध्ये ती गेली, म्हणजे नावाच्या हक्काची गोष्ट तिलाही लागू आहेच.

शिवाय या जागेला असल्या गोष्टींची सवय आहे. तिथे उन्हाळ्यात हिरवळीवर सिनेमे दाखवतात, मेक्सिकन मृतांच्या सणाला हजारो माणसं कवटीचं रंगकाम करून येतात. शूटसाठी जागा भाड्यानं मिळते, पण रीतसर विचारून. कॅमेऱ्यासोबत स्टँड, रिफ्लेक्टर आणि कपडे बदलायची बॅग दिसली की तुम्ही पाहुणे राहत नाही, हे दोन्हीकडे खरं. परवानगी काढायचं काम ब्रँडचं, तुमचं नाही.

आता दागिन्यांचं, कारण ते तुम्ही विचारलं नाहीत तरी तिथेच जास्त फजिती होते.

दुपारच्या उन्हात काळा धातू फोटोत पांढरा दिसतो. मे-जूनमध्ये समुद्राकडून ढग येऊन सकाळभर आभाळ राखाडी राहतं, इथले लोक त्याला 'जून ग्लूम' म्हणतात. गॉथला याहून चांगला उजेड फुकट मिळणार नाही. टायटॅनियमला विजेच्या प्रक्रियेनं निळा, जांभळा, सोनेरी रंग येतो, काळा येत नाही. काळं टायटॅनियम म्हणजे वरचा थर, आणि थर खरवडला जातो. खरा काळा हवा असेल तर नायोबियम नावाचा धातू तापवून काळा केलेला बघा. ब्रँड देईल ते आत सरकवू नका, टोचलेल्या जागेत जाणारा भाग इम्प्लांट दर्जाचा, म्हणजे शरीरात बसवण्यालायक आहे का विचारा. टायटॅनियमसाठी त्याचं मानक एएसटीएम एफ136. 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. चांदी काळी केलेली असेल तर ती लटकनाला ठीक, ताज्या भोकात नको.

आणि शूटसाठी म्हणून नवीन काही टोचून घेऊ नका. कानाची पाळी सहा-आठ आठवड्यांत सावरते, पण कूर्चा आणि नाभी सहा महिने ते वर्ष घेतात. नाभी ताजी असताना पालथं होऊन दफनभूमीच्या ओल्या गवतावर पोज देणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. मानेच्या बाजूला दोन मणी बसवतात, त्याला 'व्हॅम्पायर बाइट' म्हणतात, फोटोत झकास दिसतं. पण तिथली कातडी सतत हलते आणि शरीर ते बहुधा बाहेर ढकलतं, व्रण राहतो. त्यासाठी चिकटवायचे मणी मिळतात, ते वापरा. कुणाला कळत नाही.

काय घालावं म्हणाल तर माझं मत जेटच्या बाजूनं. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणारं हे काळं, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचं झालेलं द्रव्य. 1861 मध्ये नवरा गेल्यावर राणी व्हिक्टोरियानं सुतकात जेट वापरलं आणि सगळ्या देशात त्याची लाट आली. 1897 च्या ड्रॅक्युलाच्या कादंबरीत काउंटचं जहाज इंग्लंडला लागतं तेही व्हिटबीलाच. म्हणजे कबरीपाशी काळा दागिना घालून जाण्याची रीत गॉथ लोकांनी काढलेली नाही, शोकासाठीच ती होती. जेट वजनाला हलकं असतं, मोठं भोक असलेल्या पाळीला ओढत नाही. काळी काच जेट म्हणून खपवतात. हाताला गार आणि जड लागली तर ती काच.

शेवटचं एक, हे कुणी सांगत नाही म्हणून. मॉडेल रिलीजवर, म्हणजे तुमचे फोटो वापरायच्या लेखी परवानगीवर, सही करण्याआधी ते वाचा. फोटो किती वर्षं, कुठल्या देशांत आणि कशावर वापरणार, ते त्यात हवं. 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं छापील वाक्य असेल तर ते खोडून मुदत घाला. मी दोन वर्षं लिहून घेते, आणि इतर वस्तूंवर माझा चेहरा छापायचा तर वेगळे पैसे. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, बाकीच्यांनी मुकाट्यानं मान्य केलं.