औषध दिलेला उंदीर खरोखर शिकतो का?

प्रश्न : अमुक औषध दिल्यावर उंदरांची स्मरणशक्ती वाढली, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. उंदीर अधिक शिकला, की औषधाने केवळ अधिक चपळ झाला, हे कसे ठरवतात? अशी औषधे माणसांना का देत नाहीत?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1917 साली उंदरांना कुचल्यातील विषाची, म्हणजे स्ट्रिक्नीनची, अल्प मात्रा दिली, तेव्हा ते चक्रव्यूहातील वाट लवकर शिकले. परंतु औषध शिकवण्याआधी दिले, की त्याचा परिणाम नजर, भूक, भीती आणि हालचाल या सर्वांवरच होऊ शकतो, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यायचे हे सांगता येत नाही.

ही अडचण जेम्स मॅकगॉ यांनी ज्या युक्तीने सोडवली, ती मला या क्षेत्रातील सर्वांत देखणी वाटते. त्यांनी उंदरांना आधी शिकवले आणि इंजेक्शन त्यानंतर लगेच दिले. चाचणी पुढे, औषधाचा अंमल ओसरल्यावर घेतली. शिकताना आणि चाचणीच्या वेळी शरीरात औषध नसूनही आठवण सुधारलेली दिसली. तेच इंजेक्शन काही तासांनी दिले, तर मात्र लाभ झाला नाही. याचा अर्थ, शिकून झाल्यावरही आठवण पक्की होण्याचे काम मेंदूत काही काळ चालू असते आणि औषध त्या कामात हात घालते.

औषधाने शिकणे अडते तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. रिचर्ड मॉरिस यांच्या प्रयोगात उंदराला गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल हौदात सोडतात आणि पृष्ठभागाखाली दडलेला चौथरा त्याला भोवतालच्या खुणांवरून शोधावा लागतो. नंतर चौथरा काढून घेतला, तरी शिकलेला उंदीर त्याच जागेभोवती घिरट्या घालत राहतो. ग्लुटामेट हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे; त्याचा निरोप टिपणारे पेशींवरील एनएमडीए ग्राही अडवणारे एपी५ हे रसायन मेंदूत सोडलेल्या उंदरांना ही जागा नीट शिकता आली नाही. मात्र दोन दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक ते शिकले, म्हणजे पोहणे किंवा पाहणे बिघडले नव्हते. हे 1986 सालचे काम आहे.

मात्रेचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे, कारण शिकवल्यावर ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारे ॲड्रेनलीन हे संप्रेरक बेताने दिल्यास आठवण सुधारते, तर मोठ्या मात्रेने तीच बिघडते. शिवाय ‘विसरला’ हा निष्कर्षही जपूनच काढावा लागतो. गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली चक्रव्यूहात कोणीकडे वळायचे हे शिकलेले उंदीर शुद्धीवर असताना चुकले आणि पुन्हा तेच औषध दिल्यावर बरोबर वळले, असे डोनाल्ड ओव्हर्टन यांनी 1964 मध्ये दाखवले होते. आठवण पुसली गेली नव्हती, ती फक्त हाती लागत नव्हती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की स्ट्रिक्नीनने झटके येऊन मृत्यू ओढवतो आणि शिकण्यात भाग घेणारी रसायने मेंदूत इतरही कामे करतात. 1999 मध्ये जो त्सिएन यांच्या गटाने एनएमडीए ग्राहीचा एक घटक जनुकीय बदलाने वाढवलेले उंदीर तयार केले, ते अनेक चाचण्यांत सरस ठरले. दोनच वर्षांनी त्याच उंदरांविषयी आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सूज आल्यावर होणारी वेदना त्यांना इतर उंदरांपेक्षा अधिक जाणवत होती.