कॉलेज संपलं, आता पळून काय करणार?

निकालाचे दिवस आले की हा प्रश्न घेऊन एखादं तरी घर माझ्याकडे सल्ल्याला येतंच. पोरगा किंवा पोरगी धावण्याच्या शर्यतींत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचलेली असते, घरात कप असतात, पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं असतं. आणि वडील विचारतात, "मॅडम, हे सगळं ठीक, पण आता कॉलेज संपलं. आता पळून काय करणार?"

यातल्या एका घराची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मुलीला रेखा म्हणू. अमळनेर तालुक्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू कापूस, आई, वडील आणि धाकटा भाऊ. वडिलांना सगळे आबा म्हणतात. रेखा ५,००० आणि १०,००० मीटर पळायची, क्रॉसकंट्रीला विद्यापीठाच्या संघात असायची. १०,००० मीटरचं तिचं सगळ्यात चांगलं टायमिंग ३६ मिनिटं ४० सेकंद. बी.कॉम. झालं, ती होस्टेल सोडून गावी आली आणि चार महिन्यांत स्पाइक्स, म्हणजे पळण्याचे खिळ्यांचे बूट, माळ्यावर गेले. पहाटे साडेचारला उठणारी पोरगी आठपर्यंत अंथरुणात, ताटात अर्धी भाकरी, बोलणं बंद. आत्याबाईंनी निदान करून टाकलं होतं की काहीतरी प्रेमप्रकरण असणार.

"पयीसन पोट भरस का, मॅडम? तुम्हीच सांगा तिला," आबा म्हणाले.

मी लगेच काही सांगितलं नाही. आबांना आणि आईला बाहेर चहाला पाठवलं आणि रेखाला म्हटलं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला एक दिवस लिही आणि शेजारी आताचा एक दिवस लिही.

पहिला रकाना कागद भरून खाली उतरला. साडेचारचा अलार्म, मैदान, सरांची शिट्टी, सोबतीच्या मुली, मार्चनंतर आठच्या आत सगळं उरकायचं कारण नंतर जळगावच्या उन्हात उभंही राहवत नाही. मेसची अंडी, लेक्चर, संध्याकाळी हलकं धावणं, शनिवारी लाँग रन. आंतरमहाविद्यालयीन कधी, राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा कधी, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ कधी, सगळ्या तारखा भिंतीवर. दुसऱ्या रकान्यात चार ओळी होत्या. त्यातली एक अशी: "रस्त्यावर पळते तेव्हा आई ओट्यावर उभी राहते, मी परत येईपर्यंत आत जात नाही."

रेखा म्हणत होती, "मी स्लो झाले, मॅडम." कागद वेगळं सांगत होता. मैदान, सर, सोबत, स्पर्धेची तारीख, प्रवासभत्ता, पोटभर प्रोटीन, आणि 'ही आपल्या विद्यापीठाची धावपटू' ही ओळख, हे सगळं निकालाच्या एकाच आठवड्यात काढून घेतलं गेलं होतं. लांब पल्ल्याचा खेळाडू मनाच्या जिद्दीवर पळतो असं आपण म्हणतो, पण ती जिद्द रोज पहाटे उठवायला बाहेरची एक घडी बसलेली लागते. ती मोडली की चांगली चांगली मुलं कोलमडतात, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. आबांना मी हेच सांगितलं: पोरीचा जीव एका शिस्तीत गुंतला होता आणि ती शिस्त गेली. हे दुःख आहे, नखरे नाहीत.

आणखी एक गोष्ट मी पळणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारते. पाळी नियमित आहे का? रेखाची सात महिने आली नव्हती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "जास्त पळणाऱ्यांचं असंच असतं" असं तिला एका सीनियरने सांगितलं होतं. हे खरं नाही, आणि ते ऐकून गप्प बसणं धोक्याचं आहे. पळण्यात जितकं खर्च होतं तितकं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी थांबते, मग हाडं कमकुवत होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात, झोप आणि मन दोन्ही बिघडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नावही दिलं. मी तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिनही बरंच खाली निघालं. घरचं सगळं दूध डेअरीला जात होतं. त्यातलं अर्धा लिटर आबांनी त्या दिवसापासून घरी ठेवलं. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, गूळ, अंडी, यात महागडं काही नव्हतं. तिचं मन उचल खायला लागलं त्यात माझ्या बोलण्याइतकाच या ताटाचा वाटा आहे, असं मी मानते.

मग आबांच्या प्रश्नाकडे आलो. पळून पोट भरतं का?

आपल्याकडे या प्रश्नावर दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक ऑलिम्पिकपर्यंत पोचलेले अविनाश साबळे किंवा ललिता बाबर, आणि दुसरं गावातला तो रिकामा फिरणारा माजी खेळाडू. मधलं काही दिसत नाही. म्हणून मी त्यांना विचारलं, धावपटूला पगार कोण देतं?

अमेरिकेत कॉलेज शिष्यवृत्ती देतं आणि पळवतं. पुढे बूट बनवणाऱ्या कंपन्या सगळ्यात वेगवान मोजक्यांना करारावर घेतात, बाकीचे नोकरी करतात. मॉली सायडेल कॉलेजात राष्ट्रीय विजेती होती, तरी २०२० मध्ये ऑलिम्पिक निवड चाचणीत उतरली तेव्हा ती कॉफी शॉपमध्ये काम करत होती आणि मुलं सांभाळत होती. पुढच्या वर्षी तिने टोकियो ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये कांस्य घेतलं. जपानमध्ये कंपन्या विद्यापीठातल्या धावपटूंना नोकरी देऊन आपल्या संघात घेतात. युकी कावाउची अशा कुठल्या संघात गेला नाही. तो सैतामा प्रांतातल्या सरकारी शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ कारकून होता, आणि ती नोकरी करतच त्याने २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकली. आबा इथे पुढे सरकून बसले. "सरकारी नोकरीत होता?" त्यांनी दोनदा विचारलं.

आणि आपल्याकडे? साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे धावपटू झाला. ललिता बाबर रेल्वेत होती, रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, पुढे उपजिल्हाधिकारी झाली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरला आपल्या दोघी पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, मध्ये एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. पहिली प्रीजा श्रीधरन रेल्वेत, दुसरी आपल्या नाशिक जिल्ह्याची कविता राऊत ओएनजीसीत. म्हणजे आपल्या देशात व्यावसायिक धावपटू हा बहुतेक वेळा पळणारा नोकरदारच असतो. नोकरी की पळणं असा झगडा घराघरांत चालतो, आणि ज्यांची नावं आपण घेतो त्यांनी दोन्ही एकाच दारातून मिळवलेलं असतं.

बक्षिसांवर जगू, असंही मुलं म्हणतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय विजेत्याला ५ लाख मिळाले आहेत, हे खरं. पण विजेता एकच, आणि पूर्ण मॅरेथॉन जीव लावून वर्षात दोन-तीनदाच पळता येते. म्हणून मग मुलं दर रविवारी एसटीने कुठे ३ किलोमीटर, कुठे १० किलोमीटर अशी बक्षिसाच्या मागे हिंडतात. याला माझा स्पष्ट विरोध आहे. वर्षभरात गुडघे आणि पिंढऱ्या जातात, टायमिंग जागच्या जागी राहतं आणि भरतीचा अभ्यास होत नाही.

रेखाला मी विचारलं, तू कुठे आहेस हे तुला ठाऊक आहे का? तिने हिशोब करून ठेवला होता. प्रीजाचं तेव्हाचं टायमिंग ३१ मिनिटं ५० सेकंद. "ती संपवेल तेव्हा माझ्या तीन फेऱ्या आणि वर थोडं बाकी असेल, मॅडम. मला माहितीये. तरी मला अजून पळायचंय. माझं टायमिंग किती खाली येऊ शकतं ते मला अजून कळलेलं नाही."

इतकं स्वच्छ बोलणाऱ्या मुलीला स्वप्न सोड म्हणायचं काही कारण नव्हतं. मुदत मात्र ठरवायची होती. लांब पल्ल्याचं शरीर उशिरा पिकतं, केनियाच्या किपचोगेने टोकियो ऑलिम्पिकचं मॅरेथॉन सुवर्ण छत्तिसाव्या वर्षी घेतलं, हे मी आबांना सांगितलं, बाविशीत सगळं संपलं असं त्यांना वाटू नये म्हणून. रेखाला मुद्दाम सांगितलं नाही. त्या उदाहरणाच्या आधारावर तिशीपर्यंत 'अजून एक वर्ष' म्हणत बसलेले मी पाहिले आहेत.

ठरलं ते असं. दोन वर्षं. एम.कॉम.ला प्रवेश, म्हणजे विद्यापीठाचा संघ आणि सर परत मिळतील. टायमिंगचं लक्ष्य सर ठरवतील, मी नाही, आबाही नाहीत. अखिल भारतीय आंतरविद्यापीठात पहिल्या तिघींत आली तर रेल्वेच्या खेळाडू भरतीत दावा लागतो, आणि भुसावळ तर आपल्या दाराशी आहे. तोवर पोलीस भरतीची तयारी सोबत चालवायची. ८०० मीटरला तिला पूर्ण गुण मिळणार हे उघड होतं. लांब पल्ल्याची मुलं गोळाफेक आणि १०० मीटरमध्ये मार खातात, आणि १०० गुणांची लेखी परीक्षा असते हे विसरतात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस खांदे-दंडांसाठी आणि रोज दोन तास पुस्तकासाठी.

धाकट्या भावाने रील बघून एक कल्पना काढली होती की ताईने तोरणमाळला राहून उंचीवरचा सराव करावा. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे. आपले राष्ट्रीय शिबिरातले धावपटू ज्या उटीला जातात ती २,२०० मीटरच्या वर. तोरणमाळला हवा गार मिळेल, विरळ नाही. तरी मे महिन्यात आठ दिवस गेली तर पायांना बरंच, असं म्हणून तो विषय मिटवला.

आई तोवर गप्प होती. उठताना म्हणाली, "स्थळं येऊ राहिलीत. दोन वर्षं मी थोपवते."

पुढच्या मोसमात रेखाने १०,००० मीटरला ३५ मिनिटं ५० सेकंद टायमिंग दिलं. अखिल भारतीयला सातवी आली. पहिल्या तिघींत नाही, त्यामुळे रेल्वेचा रस्ता बंद झाला. पंधरा दिवस ती पुन्हा मिटून गेली होती, पण या वेळी जेवण सुटलं नाही आणि पाळीही चुकली नाही. पोलीस भरतीत गोळाफेकीला गुण गेलेच, लेखीने तारलं. सध्या ती प्रशिक्षणात आहे आणि जिल्ह्याच्या संघाच्या चाचणीची वाट बघते आहे. राष्ट्रीय पदक तिच्या नशिबी आहे की नाही हे तिचं घड्याळ सांगेल. आबांचा फोन आला की ते आता पगार किती हे सांगत नाहीत, टायमिंग किती ते सांगतात.

असाच प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयातही सवलत मिळते, पण क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. खानदेशासाठी हे काम नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून होतं. मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेचा निकाल, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं पत्र, हे सगळं मुलगी कॉलेजात असतानाच गोळा करा. नंतर सर बदलतात, कारकून बदलतात, फाइल सापडत नाही. कोणती स्पर्धा कोणत्या पदाला चालते ते शासन निर्णयात बघा, ओळखीच्या माणसाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, आणि पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशा कागदावर लागलेली नोकरी पडताळणीत जाते आणि गुन्हाही दाखल होतो. रेखाच्या पडताळणीसाठी नाशिकच्या खेपा आबांनीच घातल्या, कापूस वेचणीच्या दिवसांत.