न्हाव्याच्या दुकानाबाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब का असतो?

रक्तामुळे, आणि हे अगदी शब्दशः घ्या.

मध्ययुगीन युरोपात न्हावी दाढी-हजामतीसोबत दात उपटायचा, गळू फोडायचा आणि ‘बिघडलेलं’ रक्तही काढायचा. धारदार हत्यार आणि सराईत हात त्याच्याकडेच होते ना! त्यात १२१५ च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे रोममधल्या चर्चच्या धर्मसभेनं, पाद्र्यांना कापाकापीची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. रक्त काढताना शीर टरारून वर यावी म्हणून रोगी हातात काठी घट्ट आवळून धरायचा. खांब म्हणजे ती काठी, लाल पट्टा रक्ताचा आणि पांढरा जखमेच्या पट्टीचा, असा अर्थ सांगतात.

इंग्लंडमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यविशारद यांची एकच संघटना झाली. गंमत म्हणजे नियम असा की न्हाव्यानं दात काढण्यापलीकडे शस्त्रक्रिया करायची नाही आणि शल्यविशारदानं दाढी करायची नाही! १७४५ मध्ये दोघे वेगळे झाले. तोवर फ्रान्समध्ये न्हावीकाम शिकत पुढे आलेला आंब्रवाज पारे राजांचा शल्यविशारद होऊन गेलाही होता.

दुकानातल्या दाढीला खरा धक्का दिला तो जिलेटच्या बदलत्या पात्यांच्या रेझरनं. १९०३ मध्ये तो बाजारात आला आणि माणसं घरीच दाढी करू लागली.

तरी वस्तऱ्याची मजा वेगळीच. गरम ओल्या टॉवेलानं केस पाणी पिऊन मऊ होतात, ब्रशच्या फेसानं ते उभे राहतात, आणि कातडी ताणून वस्तरा जरा आडवा धरला की दाढी गुळगुळीत.