थायलंडला शिकवायला निघालेल्या पोरीला

पोरी, एजंट 'टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथं पाहू' म्हणाला तर साफ नाही म्हण. शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, शिवाय वर्क परमिट. अमरावती विद्यापीठाच्या पदवीचं साक्षांकन निघण्याआधीच करून घे, तिथून ते फार जड जातं. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, ते विसरू नको.

शाळा मे महिन्यात उघडते, आपल्याकडे ऊन भाजून काढत असतं तेव्हा. सकाळी 8 वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत. तूही पोरांसोबत ताठ उभी राहा. वर्गात गोंगाट असतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तू हातवारे करून कविता घेतेस, सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतेस, तेच तिथंही चालतं. गोऱ्या मास्तरांसारखे उच्चार नाहीत म्हणून बुजू नको, तुझं व्याकरण पक्कं आहे.

खाण्याचं मात्र नीट ऐक. तू माळकरी घरातली, आणि तिथं साध्या भाजीतही माशांचा सॉस पडतो. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं असलेलं दुकान शोध. तिथं मांस-मासे काहीच नसतं. आणि पहिला पगार होईपर्यंत पुरतील एवढे पैसे जवळ ठेव, बाबांच्या कापसाच्या पैशाला हात लावायची पाळी येऊ देऊ नको.