फिंच (एक छोटा गाणारा पक्षी), क्रेन, क्रॉफर्ड ही इंग्रजी आडनावं पक्ष्यांवरून आणि गावांवरून कशी पडली?

पक्ष्यांची आडनावं बहुतेक मध्ययुगातल्या टोपणनावांतून आली. लांब तंगड्यांचा तो क्रेन म्हणजे क्रौंच, गोड गळ्याचा तो नाइटिंगेल, म्हणजे त्या नावाचा गाणारा पक्षी. पुढे तेच मुलाबाळांना चिकटलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे वडील मात्र जन्माने शोर आडनावाचे. नात्यातल्या पीटर नाइटिंगेल यांची इस्टेट मिळाली म्हणून १८१५ मध्ये त्यांनी आडनाव बदललं.

गाव सोडून गेलेल्याला लोक मूळ गावावरून हाक मारत, आपल्या 'कर'सारखंच. मला सर्वांत आवडतं क्रॉफर्ड, कारण त्यात पक्षीही आहे आणि जागाही: कावळ्यांचा नदीउतार! हे गाव स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमध्ये आहे. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाचं, ते म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच आडनावाचे.

हॉकिन्समध्ये मात्र हॉक म्हणजे ससाणा शोधू नका, ते बहुधा हॅरीच्या लाडाच्या नावावरून आलंय.