तीन वेळचा भात आणि शंभर पावलं

गणपती गावाला गेले की माझ्याकडे साखरेची पत्रं यायला लागतात. मोदक, करंज्या, मुंबईकरांनी आणलेले पेढे, आणि मागोमाग तपासणीचा कागद. यंदा चार पत्रं निवडलीत. मी डॉक्टर नव्हे; चौतीस वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, वाड्यावाड्यांतून हिंडले, लोकांच्या चुली आणि डबे पाहिले. गोळी वाढवायची की थांबवायची, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ताटाबद्दल मला विचारा.

प्रश्न : वय ५८. उपाशीपोटी साखर ११४ आणि एचबीए१सी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून गोळी नको, खाणं सांभाळा. मुलाने मुंबईहून ओट्स पाठवलेत नि भात बंद करायला सांगितलंय. बाई, भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही हो.
– एक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : ताई, भात बंद करू नका. बंद केलेला भात पंधरा दिवसांनी दुपटीने परत येतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. तुमचे आकडे उंबरठ्यावरचे आहेत. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ५.७ ते ६.४ असलं तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. इथून मागे फिरता येतं.

आधी एक दिवस काहीही न बदलता नुसतं मोजा. नेहमीसारखं वाढून घ्या, फक्त ताटात पडण्याआधी प्रत्येक भात आमटीच्या वाटीने मापा. आपल्याकडे भात तीनदा येतो. आधी वरणभात, मग आमटीशी नाहीतर कालवणाशी, आणि शेवटी ‘घासभर’ ताकभात. मी स्वतः मापला तेव्हा एका जेवणाचा साडेचार वाट्या भरला! वाटी खोटी बोलते की काय म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मापला. माझी आजी एवढाच भात खायची, पण ती दिवसभर चिखलात लावणी करायची, संध्याकाळी रहाटाने पाणी काढायची. आमच्याकडे नळ आला, मिक्सर आला, गॅस आला. भात मात्र आजीचाच राहिला.

तेव्हा तीनातला एक भात ठेवा, दीड वाटीचा. कुठला ते तुम्हीच ठरवा. मी कालवणभात ठेवला, ताक नुसतं पिते. आणि वाढायचा क्रम उलटा करा. आधी भाजी, उसळ किंवा मासळी अर्धीअधिक संपवा, मग भाताला हात लावा. भाजी-उसळ आधी पोटात गेली की भाताची साखर रक्तात सावकाश चढते. पहिले चार दिवस चुकल्या-चुकल्यासारखं होईल. ताट रिकामं दिसू नये म्हणून तिथे पडवळ, दुधी, लाल माठ, जे परसात असेल ते वाढा.

तांदूळ घरचा उकडा असेल तर उत्तम. सालीसकटचं भात उकडताना कोंड्याकडची ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि तांदूळ कांडल्यावरही बरीच टिकतात. पण पेजेबद्दल एक गैरसमज आहे. पातळ आहे, हलकी आहे म्हणून साखरवाली माणसं सकाळी दोन-दोन वाडगे पेज पितात. जितका भात गिळगिळीत शिजतो तितका तो लवकर साखर चढवतो. एक वाडगा पुरे, आणि सोबत लोणच्याऐवजी मटकीची उसळ किंवा अंडं घ्या.

रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. चोथाही तांदळाच्या कितीतरी पट. कुळथात शेकडा वीसच्या वर प्रथिनं. आपल्या वयाच्या बायकांच्या हाडांना आणि स्नायूंना दोन्ही हवं. मात्र नाचणीतही पिठूळपणा भरपूर आहे, त्यामुळे भाकरी एकच. नाचणीचे गूळ-तुपाचे लाडू ‘पौष्टिक’ म्हणून डबाभर करून ठेवू नका. दुपारी जाता-येता दोन जातात.

मुलाने पाठवलेले ओट्स साधे असतील तर आठवड्यातून दोनदा खा, त्याला बरं वाटेल. पाकिटावर मध, चॉकलेट असं काही लिहिलं असेल तर नातवंडं संपवतील.

प्रश्न : वय ६६, निवृत्त शिक्षक. घर खालच्या वाडीत, रस्ता गाठायला पाखाडीच्या ऐंशी पायऱ्या. वर गेलं तर डंपरची वर्दळ. उतरताना गुडघे दुखतात आणि पावसात चालणंच बंद होतं. मोबाइल म्हणतो रोज दहा हजार पावलं हवीत.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : गुरुजी, दहा हजारांचा धसका सोडा. तो आकडा कुठल्या वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मांपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव तोंडात बसलं आणि आकडाही बसला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांचं, थोडा दम लागेल असं चालणं सांगते, आणि तेही एका दमात पाहिजे असं नाही, तुकड्या-तुकड्यांनी चालतं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग.

आपल्याकडे शतपावली आहेच. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट, आणि आपले लोक तेवढ्यात बडीशेप चघळत परत येतात. दोन्ही जेवणांनंतर शतपावली दहा वेळा करा. दिवसाची वीस मिनिटं झाली, आठवड्याची १४०. जेवणानंतर लगेच चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून वेळ तीच पकडा. पावसात पडवीत चाला. माझी पडवी बारा पावलांची आहे. कठड्याच्या एका टोकाला चिंचोक्यांची वाटी ठेवते, दर फेरीला एक चिंचोका दुसऱ्या टोकाला नेऊन टाकते. मोजत बसावं लागत नाही, नि नातू चिंचोके पळवतो त्याच्यामागे धावणं होतं ते वेगळं.

पाखाडीचं असं आहे की चढणं सोपं, उतरणं गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार टाकतं. चढताना बरा पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि हातात काठी. लाज वाटत असेल तर छत्री. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर व्यायामाच्या नावाखाली मुळीच जाऊ नका.

किनारा जवळ असेल तर ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघा वळतो. वेळ काढायला कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती म्हणजे नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उजाडताना पाणी पार खाली गेलेलं असतं, तेव्हा सकाळ गाठा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, त्या दिवशी पडवीच बरी. किनारा समुद्राकडे कलता असतो, म्हणून जेवढं एका बाजूला जाल तेवढंच उलट या. नाहीतर एकाच पायावर भार येतो.

आणि गुडघ्यासाठी खुर्ची. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली. दोन्ही हात छातीशी घडी घालून उठा, बसा. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. तुमच्या वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमत असेल तर मांड्यांत जोर कमी पडलाय आणि तोल जाण्याचा धोका आहे असं धरतात. कमी भरलं तर रोज सकाळी चहाआधी पाच वेळा करा, दर आठवड्याला एक वाढवा. गुडघा सुजून गरम लागत असेल किंवा चालताना छातीत दाटत असेल तर आधी डॉक्टर.

प्रश्न : मिस्टरांचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं. भाजीत मीठ निम्मं केलं, तरी उतरत नाही. गोळी चालू आहे.
– एक भगिनी, मालवण

उत्तर : गोळी रोज एकाच वेळी घेतात ना, ते आधी बघा. मग मीठ कुठून येतंय ते शोधू.

माझीच फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं प्रेशर १५०/९४ निघालं. भाचीच्या लग्नाची दगदग म्हणून मी आठ दिवस ते लग्नाच्या माथी मारलं. लग्न पार पडलं, प्रेशर तिथेच. पुढे एकदा सोलकढी करताना सवयीने आगळ ओतलं, सवयीने मीठ घातलं, आणि चमचा हातातच राहिला. आगळ म्हणजे रातांब्याच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस. वर्षभर टिकतो तो त्या मिठावरच. त्यात मी वरून मीठ घालत होते, नि ‘पाचक’ म्हणून रोज दोन वाट्या पीत होते. दुसऱ्यांच्या घरी पापडाचे डबे उघडून बघणारी मी! आता बिनमिठाची आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करते. बाजारात मिठाची आणि बिनमिठाची, दोन्ही मिळतात, विचारून घ्या. कोकम सरबताचा पाक हा तिसरा प्रकार, त्यात साखर असते.

माणसाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. एवढंसं मोजत कोण बसणार? त्यापेक्षा मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात ती निदान ५० दिवस पुरली पाहिजे, आणि पापड, लोणचं, फरसाण, खारी खात असाल तर त्याहूनही जास्त. लोणच्यासाठी नि मासळी खारवायला आणलेलं जाडं मीठ वेगळं ठेवा, नाहीतर हिशोब फसतो.

सुक्या मासळीत भेद करा. सुकट, बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवलेले असतात. खारा बांगडा मिठात मुरलेला असतो. तो अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, ते पाणी फेका, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. आता होड्या समुद्रात गेल्या आहेत, तेव्हा ताजा बांगडा, तारली खा. दोन्ही स्वस्त, आणि त्यांची चरबी हृदयाला मानवणारी. तव्यावर तेलाचं बोट फिरवून भाजा. रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडलेला बांगडा मी सणालाच खाते.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय. ताकद यावी म्हणून रोज एक शहाळं देतो. चालेल ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाऊ, आजपासून थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंड अधू झाल्याची खूण असू शकते. एका मोठ्या शहाळ्यात केळ्याहून जास्त पोटॅशियम असतं. निरोगी माणसाचं मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. अधू मूत्रपिंडाला जमलं नाही तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, म्हणून जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. तोवर झाडावरची शहाळी तुम्हीच प्या, आणि उतरवायला गडी बोलवा.