तहकूब सभेला जाऊन बस

प्रिय लेकरा,

परवा बसस्टँडवर तू म्हणालीस, "सर, राजकारणाचं नाव काढू नका, डोकं उठतं." तेवढ्यात तुझी एसटी लागली आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. ते आता लिहितोय.

तुझ्यावर रागावलो नाही. तू राजकारण पाहिलंस कुठं? कॉलेजातल्या थेट निवडणुका 1990 च्या दशकातच बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या, त्या कागदावरच राहिल्या. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक. विहिरीत उतरू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, आजकालच्या पोरांना पोहता येत नाही! तुमच्या वाट्याला आलं ते वाढदिवसाचं बॅनर आणि स्टेटसवरचा 'भावी आमदार'. सतरंज्या उचलायला पोरं लागतात, ठराव मांडायला कुणी बोलवत नाही.

आमच्या वेळेचे गोडवे गाणार नाही. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात मी परभणीत घोषणा देत फिरलो. नोकऱ्या पाहिजेत, ब्रॉडगेज पाहिजे. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी गेले. ती रात्र अजून विसरलो नाही. पण चारच वर्षांनी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या ठरावानंतर, याच मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. पेटवणाऱ्यांतही तरुण होतेच. म्हणून 'तरुणांनो, रस्त्यावर उतरा' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कशासाठी?

तू रस्त्यावर नको उतरू. ग्रामसभेला जा.

हसू नकोस. तिथली मेख सांगतो. सभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अटच नाही! मग दहा-बारा माणसं बसतात, त्यातली निम्मी ठेकेदाराची, आणि गावाचा वर्षाचा पैसा कुठं जाणार ते ठरतं. तू अभ्यासिकेत पंचायतींना अधिकार देणारी 73 वी घटनादुरुस्ती पाठ करत असतेस, तेव्हा ती तुझ्याच गावात अशी राबवली जाते.

म्हणून पहिल्या सभेला नाही जमलं तरी तहकूब सभा सोडू नकोस. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती झाली का ते तुझ्या आईला विचार. बहुतेक झालेली असते, फक्त आईला माहीत नसते. जाताना एकच प्रश्न ने. दहा नेलेस तर सगळे टोलवतील. नळयोजनेची टाकी उभी आहे, पाणी टँकरनंच येतं. तर टाकीचं शेवटचं बिल कुणी मंजूर केलं, एवढंच विचार. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मैत्रिणीला सोबत घे. एकट्या पोरीला 'बस गं' म्हणणं सोपं असतं. भावकीतलं कुणीतरी घरी येऊन वडिलांना चार शब्द सुनावेल, त्यांना आधीच सांगून ठेव.

आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाच. कोरं पान असेल तर सही करू नकोस. सभा झाली की फोन कर. ग्रामसेवक काय बोलले, ते मला शब्दाशब्दानं ऐकायचंय.

तुझा,
सर